इंग्रजी चुकतं तिथे मराठी आठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या वाचकपत्रांत दुकानांच्या पाट्यांवरच्या आणि सोसायटीच्या नोटिसांमधल्या चुकीच्या इंग्रजीबद्दल बरंच छापून येतंय, कधी सोबत फोटोही असतो. मी नवी पेठेत इंग्रजी बोलायला-लिहायला शिकवते. माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक स्पर्धा परीक्षावाली, नाहीतर इंजिनिअरिंग करून हिंजवडीत इंटरव्ह्यू देत फिरणारी, मराठवाडा, खानदेश, सोलापूर, सातारा इकडून आलेली आणि जवळपास सगळी मराठी माध्यमाची. त्या पत्रांमधल्या चुका ह्याच मुलांच्या चुका आहेत. पत्रं वाचून वर्गातल्या दोघी-तिघी बोलायच्याच बंद झाल्या तेव्हा वाटलं की आता लिहायलाच हवं. चूक दाखवायला माझी हरकत नाहीच, मी रोज तेच करते. पण ती चूक होते का हे एकाही पत्रात नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय चूक सुटत नाही, लाजवून तर अजिबात सुटत नाही.

माझं म्हणणं असं आहे की आपली बरीचशी चुकीची इंग्रजी वाक्यं ही आतून एकदम शुद्ध मराठी वाक्यं असतात. मुलगा मराठीत बरोबर विचार करतो, मराठीच्या नियमाने वाक्य बांधतो आणि वरून शब्द तेवढे इंग्रजी घालतो. त्याला व्याकरण येत नाही असं कसं म्हणणार, एक व्याकरण तर त्याला उत्तम येतं, दुसरं कुठे वेगळं वळतं ते कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य घ्या, आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स. यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्यात. आपण म्हणतो मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतोय, आणि असंही म्हणतो की मी २०२२ पासून पुण्यात राहतोय, दोन्हीकडे पासूनच. इंग्रजीत इथे दोन वाटा होतात, सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर सिन्स आणि किती काळ झाला ते सांगायचं असेल तर फॉर. मी मुलांना म्हणते कॅलेंडरवर बोट ठेवून दाखव. २०२२ वर ठेवता येतं, सोमवारवर येतं, दिवाळीवर येतं, लग्नाच्या तारखेवर येतं, तिथे सिन्स. दोन वर्षं ह्यावर बोट कुठे ठेवणार, ती मोजावी लागतात, तिथे फॉर. हे एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. दुसरी चूक काळाची. राहतोय हा मराठीत चालू वर्तमानकाळ, गोष्ट आत्ता चालू आहे ना, मग झालं. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीला वेगळा काळ लागतो, आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स. ह्या काळाचं लांबलचक नाव मुलांना पाठ असतं, बाराही काळांचा तक्ता पाठ असतो, पण मनात "राहतोय" आलं आणि सोबत "पासून" असलं की तक्त्यातल्या कुठल्या ओळीकडे जायचं, हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

मग ते हॅविंग. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स ह्यावर हसणारे खूप भेटतात. पण मराठीत हॅव ह्या अर्थाचं वेगळं क्रियापदच नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, त्याला ताप आहे, सगळीकडे आहे-आहेतच. आहे म्हटलं की मुलाच्या तोंडात ॲम येतो, हॅव लागतो हेही त्याला माहीत असतं, मग दोन्ही जोडून हॅविंग होतं. त्यात आपण मला समजत नाहीये, मला आठवतंय, मला वाटतंय असं चालू काळात बोलतो त्यामुळे आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग पण आलंच. इंग्रजीचा साधारण नियम असा की जी गोष्ट नुसती असते, करावी लागत नाही, म्हणजे माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं, नातं असणं, तिथे आयएनजी सहसा लावत नाहीत. वी आर हॅविंग लंच मात्र एकदम बरोबर, कारण तिथे जेवण्याची क्रिया चालू आहे. इतकं सांगितलं की मुलं आपली आपण उदाहरणं काढायला लागतात.

आय डिडंट वेंट सुद्धा तसंच. मी गेलो नाही, यात गेलो भूतकाळातच राहतो, नाही आला म्हणून तो जा होत नाही. इंग्रजीत भूतकाळ एकदाच लावायचा, तो डिडने घेतला की पुढे साधं गो. आणि वन ऑफ माय फ्रेंड म्हणजे तर सरळ माझा एक मित्र. इथे मी मुलांना माझ्या मित्रांपैकी एक असं म्हणायला लावते, पैकी आलं की मराठीतच मित्रांचं अनेकवचन होतं आणि इंग्रजीतला एस आपोआप तोंडात येतो. म्हणजे बघा, चूक मराठीतून आली आणि ती दुरुस्तही मराठीनेच केली.

डिस्कस अबाउट, मॅरीड विथ, एक्सप्लेन मी, ह्या सगळ्यांच्या मागे आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं उभी आहेत. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो म्हणून अबाउट येतं, पण इंग्रजी डिस्कसला ते लागत नाही (डिस्कशन अबाउट चालतं, ते नाम आहे). लग्न कुणाशी तरी होतं म्हणून विथ, इंग्रजीत मॅरीड टू. "मला समजावून सांगा" मधला "ला" इंग्रजीतल्या "मी" ह्या शब्दातच जिरून जातो असं मुलांना वाटतं, पण एक्सप्लेनला टू मी वेगळं म्हणावं लागतं. आता शाळेत काय होतं बघा. एका तासाला मराठीच्या बाई ला, ने, शी, हून, त शिकवतात, लगेच पुढच्या तासाला इंग्रजीचे सर प्रेपोझिशन शिकवतात, आणि हे दोन्ही एकाच कामाचे आहेत, फक्त मराठीत ते शब्दाच्या मागे लागतात आणि इंग्रजीत पुढे, हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही. टेबलावर मध्ये वर नंतर, ऑन द टेबलमध्ये ऑन आधी. मुलांना दोन वेगळे विषय वाटतात, दोन्ही अवघड वाटतात.

आता अ आणि द. मराठीत आर्टिकल नाही त्यामुळे आपल्याला ते कधी येणारच नाही असं मोठी शिकलेली माणसंही म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. त्यामागची जाण आपल्याकडे आहे, फक्त ती दुसरीकडे लपलीय. आम्ही मुलगी बघायला गेलो आणि आम्ही मुलीला बघायला गेलो, ह्या दोन वाक्यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागतो का? पहिल्यात लग्नासाठी स्थळ बघायला गेलेत, मुलगी कोण ते ऐकणाऱ्याला माहीत नाही. दुसऱ्यात ती कुठलीतरी ठराविक, आधी बोलणं झालेली मुलगी आहे, आजारी असेल, बाळंतीण असेल. नुसत्या ला ने आपण ते दाखवतो. पहिल्या वाक्याला अ गर्ल, दुसऱ्याला द गर्ल. हे उदाहरण दिलं की वर्गात एकदम शांतता होते आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात. सगळ्या जागी ही युक्ती चालत नाही हे खरं. नद्यांच्या आणि डोंगररांगांच्या नावाआधी द लागतो, द मुठा, द सह्याद्रीज, पण पुणे, सिंहगड, लक्ष्मी रोड ह्यांना लागत नाही, हे पाठच करावं लागतं. अ आणि ॲनचं मात्र अगदी सोपं आहे, तरी शाळेत ए-ई-आय-ओ-यू घोकून घेतात आणि तिथेच घोळ होतो. ते अक्षर बघून ठरत नाही, उच्चार ऐकून ठरतं. माझ्या वर्गातल्या मुलांना ॲन एमपीएससी कँडिडेट आणि अ यूपीएससी कँडिडेट एवढं पुरतं, एम चा उच्चार एने सुरू होतो आणि यू चा य ने, संपलं. अवर मधला एच ऐकूच येत नाही म्हणून ॲन अवर, आणि युनिव्हर्सिटी य ने सुरू होते म्हणून अ युनिव्हर्सिटी.

एक प्रसंग मुद्दाम सांगते कारण यात व्याकरणाची एकही चूक नव्हती तरी नुकसान झालं. माझी एक विद्यार्थिनी नोकरीला लागली, परदेशातल्या क्लायंटशी फोनवर बोलायचं काम. क्लायंटने विचारलं, हॅवंट यू रिसीव्ह्ड द फाइल? ती म्हणाली, येस. तिच्या मनात होतं, हो, नाही मिळाली. समोरच्याने ऐकलं, मिळाली. तो बिचारा दोन दिवस उत्तराची वाट बघत बसला आणि मग सगळं तिच्यावर आलं, तुझं इंग्रजी कच्चं आहे असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. तू जेवला नाहीस का असं विचारलं तर आपण हो, नाही जेवलो म्हणतो, म्हणजे आपला हो समोरच्याच्या म्हणण्याला असतो, तू म्हणतोस ते बरोबर आहे असा. इंग्रजीतला येस किंवा नो प्रश्नाकडे बघतच नाही, तो खऱ्या परिस्थितीला असतो. फाइल मिळाली असेल तर येस, नसेल मिळाली तर नो, प्रश्न सरळ विचारा नाहीतर उलटा विचारा. आणि नुसतं येस-नो म्हणून थांबायचं नाही, नो, आय हॅवंट असं पुढचं जोडायचं म्हणजे गैरसमजाला जागाच उरत नाही. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. पण ज्या परीक्षा देऊन ती मुलगी तिथे पोचली त्यातल्या एकाही परीक्षेत हे नव्हतं.

दहावीच्या इंग्रजी व्याकरणात आमच्या मुलांकडून काय करून घेतलं जातं ते ज्यांनी ती दिलीय त्यांना आठवत असेल, रिमूव्ह टू, नो सूनर दॅन वापरा, व्हॉइस बदला, डिग्री बदला. वाईट काही नाही त्यात, पण एक वाक्य देऊन त्याचं दुसरं करायला सांगणं वेगळं आणि मनातलं मराठी वाक्य इंग्रजीत आणणं वेगळं, आणि आयुष्यभर दुसरंच लागतं. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे चार वर्षं वाढवली. तरी चुका त्याच आहेत, मी दोन्ही पिढ्यांना शिकवलंय म्हणून सांगते, अगदी त्याच, कारण शिकवण्यात मराठी कुठेच नाही. उलट वर्गात मराठी शब्द काढला तर काहीतरी पाप झालं असं वातावरण असतं.

आपल्याकडे हे असं नव्हतं. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं त्या काळी दोन्ही व्याकरणं शेजारी ठेवूनच विचार चालायचा. मराठीत आपण जी विरामचिन्हं वापरतो ती रूढ झाली मेजर कँडी ह्या इंग्रज अधिकाऱ्यामुळे आणि ते पुण्यातच संस्कृत पाठशाळेत होते. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर किती पिढ्या इंग्रजी शिकल्या, आमच्या घरी आजोबांची प्रत होती, पानं सुटलेली. एकीकडे मराठी वाक्य, मग त्याचं इंग्रजी. त्यात बोलायचा सराव नव्हता ही मोठी उणीव होतीच, ती माणसं पत्र सुंदर लिहायची पण बोलताना अडायची. बोलायचा सराव आणला हे चांगलंच झालं, पण तो आणताना शेजारी-शेजारी ठेवून बघणं फेकून दिलं ते चुकलं.

स्पेलिंगच्या चुकांवर तर कुणी हसूच नये असं मला वाटतं. देवनागरीत आपण जवळपास बोलतो तसं लिहितो, पाटी रंगवणारा माणूस इंग्रजीही तसंच कानाने लिहितो. इंग्लंडमध्ये छापखाना आला १४७६ मध्ये, स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली आणि उच्चार मात्र पुढे बदलत राहिले, नाइफ मधला के पूर्वी खरंच उच्चारला जायचा. त्यामुळे तिथे तर्क चालत नाही, बघून लिहावं लागतं, एवढंच. आणि ज्यांची ती मातृभाषा आहे तेही चुकतातच, फक्त वेगळ्या ठिकाणी. कुड हॅव बोलताना कुडव ऐकू येतं म्हणून तिकडची मुलं सर्रास कुड ऑफ लिहितात, इट्स मधल्या अपॉस्ट्रॉफीचा आणि देअरच्या तीन स्पेलिंगांचा गोंधळ त्यांचाही रोजचा आहे. कुड ऑफ ही चूक माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलेली मी पाहिली नाही, कारण आम्ही इंग्रजी डोळ्यांनी शिकतो आणि ते कानांनी. आपण प्रत्येक वाक्याच्या शेवटी इझंट इट लावतो कारण मराठीतला ना कुठल्याही वाक्याला चालतो, येणार ना, आणलंस ना. इंग्रजीत ते क्रियापदाप्रमाणे बदलावं लागतं, यू विल कम, वोंट यू. पण लंडनची तरुण मुलं सगळीकडे इनिट लावतात ते ह्याच जातीचं आहे.

आपल्या एका पत्रलेखकांनी काही अशाही गोष्टी चुकीच्या ठरवल्यात ज्या चुका नाहीतच, आणि हे मला जास्त खटकलं, कारण त्याने नको ती भीती बसते. वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन नको असं ते म्हणतात. ड्रायडन ह्या कवीने १६७२ मध्ये त्याला नावं ठेवली तेव्हापासून ते चालत आलंय, त्यामागे लॅटिनचा दबदबा होता, इंग्रजी लोक मात्र आधीपासून आजपर्यंत तसंच बोलत आलेत. व्हॉट आर यू लुकिंग ॲट ह्यात काहीही चूक नाही. टू आणि क्रियापद ह्यांच्यामध्ये शब्द घालू नये हा आग्रह तर एकोणिसाव्या शतकातला. एका माणसासाठी "दे" हे इंग्रजी अनेकवचनी सर्वनाम वापरणं ही आजकालची फॅशन आहे असं त्यांना वाटतं, ते चौदाव्या शतकापासून सापडतं. मराठी माणसाला तर यात नवल वाटायला नको, यू हेही मुळात अनेकवचन, एकाला दाऊ म्हणायचे, मग आपण तुम्ही म्हणतो तसं आदराने एकालाही यू म्हणायला लागले आणि शेवटी दाऊ गेलंच. प्रीपोन हा आपल्याकडचा शब्द आहे, ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेलाय, बिनधास्त वापरा, फक्त परदेशी माणसाला लिहिताना एकदा विचार करा.

तो विचार मात्र खरंच करा. समोर कोण आहे त्यावर बरंच ठरतं. आय पास्ड आउट इन २०२३ हे वाक्य इथे कुणालाही कळतं, बाहेरचा माणूस त्याचा अर्थ बेशुद्ध पडलो असा घेईल. खडकवासल्याला एनडीएमध्ये पासिंग आउट परेड होते ते बरोबर आहे, लष्करी प्रशिक्षण पुरं करणं ह्या अर्थाने तो शब्द ब्रिटिश इंग्रजीत आहेच. कॉलेजसाठी ग्रॅज्युएटेड म्हणा. तसंच मेलमध्ये प्लीज रिव्हर्ट बॅक लिहू नका, साधं प्लीज रिप्लाय लिहा. आणि माहिती, सामान ह्यांचं आपण मराठीत अनेकवचन करत नाही, मग इन्फॉर्मेशन्स आणि लगेजेस का करायचं? इथे मराठी ऐकली तर चूक होणारच नाही. सल्ले मात्र आपण देतो, म्हणून ॲडव्हायसेस तोंडात येतं, तेवढं सांभाळायचं.

आता विनंती. आपल्या अंकात आठवड्यातून एकदा छोटीशी चौकट सुरू करता येईल का, रोजच्या बोलण्यातलं एक मराठी वाक्य, त्याचं आपल्याकडे हमखास होणारं इंग्रजी, बरोबर इंग्रजी आणि फरक का पडला हे दोन ओळींत मराठीत. वाक्यं मी पाठवीन, माझ्या मुलांच्या वह्यांत भरपूर आहेत, मानधन नको. शाळांमधल्या मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनाही आपल्या माध्यमातून सांगावंसं वाटतं की विभक्ती आणि प्रेपोझिशन, प्रयोग आणि व्हॉइस हे धडे तरी वर्षातून एकदा दोघांनी मिळून घ्या, एक जण मराठी वाक्य लिहील, दुसरा त्याच्या शेजारी इंग्रजी, फळा एकच. आणि पाट्यांचे फोटो छापायचेच असतील तर दुकानाचं नाव आणि फोन नंबर झाकून छापावेत आणि खाली बरोबर वाक्य द्यावं, म्हणजे त्या दुकानदारालाही पाटी बदलताना त्याचा उपयोग होईल.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका
नवी पेठ, पुणे